आईच्या अभंगांसाठी मिक्सिंगचे सॉफ्टवेअर निवडताना

गेल्या वर्षी आषाढीच्या आधी मी आईचे सहा अभंग घरीच नीट रेकॉर्ड करायचे ठरवले. आई आमच्या पेठेतल्या भजनी मंडळात जवळपास चाळीस वर्षे गाते आहे, आणि तरीही तिच्या गाण्याचे आमच्याकडे जे काही जतन झाले आहे ते सगळे मोबाइलवर, मांडवात, पंख्याची घरघर आणि मागच्या रांगेतल्या गप्पा यांच्यासकट टिपलेले आहे. माझ्याकडे दोन माइक लावता येतात असा छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी डबी, होता, एक कंडेन्सर आणि एक डायनॅमिक माइक होता, कान पूर्ण झाकणारा हेडफोन होता आणि सहा वर्षे वापरलेला, ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप होता. नव्हते ते मिक्सिंगचे सॉफ्टवेअर. ते निवडण्यात माझे सुमारे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत जे कळले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण घरी गाणी मिक्स करू पाहणाऱ्या मराठी माणसाकडे बहुधा पेटी, तबला, टाळ आणि गळा एवढाच ऐवज असतो, आणि सॉफ्टवेअरची जी परीक्षणे वाचायला मिळतात ती मात्र ड्रम लूप आणि सिंथेसायझर वापरणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात.

आधी कामाचा आकार सांगतो. इंटरफेसला दोनच माइक लागत असल्यामुळे सगळे एकत्र बसवून रेकॉर्ड करणे शक्य नव्हते. पहिल्यांदा पेटी आणि आईचा कच्चा आवाज घेतला, मग तो ऐकत तबलजींनी तबला आणि डग्गा वाजवला, त्यानंतर शेजघरात कपाटाच्या दारांवर गोधड्या टाकून आईचा खरा आवाज घेतला, आणि शेवटी व्हरांड्यात टाळ व मंडळातल्या तिघींचा कोरस. तानपुऱ्याचा ट्रॅक धरून एका अभंगाचे नऊ ट्रॅक झाले. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा लागते, म्हणजे चार मिनिटांच्या अभंगाचे नऊ ट्रॅक मिळून तीनशे एमबीच्या आसपास जातात. एवढे ओझे जुना लॅपटॉपही सहज उचलतो. लॅपटॉप धापा टाकू लागतो तो प्लगइनमुळे, म्हणजे आवाजावर परिणाम करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरमुळे, आणि विशेषतः प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब, म्हणजे खोलीतला घुमारा, लावल्यामुळे.

घरी गाणे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळी कुळे आहेत, हे मला उशिरा उमगले. बेल्जियममधल्या इमेज-लाइनचे एफएल स्टुडिओ १९९७ साली फ्रूटीलूप्स या नावाने आले आणि बर्लिनचे एबलटन लाइव्ह २००१ साली. ही दोन्ही अशा माणसासाठी घडली आहेत ज्याचे गाणे संगणकातच, ठेक्यांचे आणि सुरावटींचे तुकडे जोडत जन्माला येते. दुसऱ्या कुळाची घडण टेप रेकॉर्डर आणि मिक्सिंग कन्सोल यांवरून झाली आहे : आवाज बाहेर गायला गेला आहे, तो आत आणायचा, कापायचा, तोलायचा आणि एकजीव करायचा. पहिले कूळ कमी दर्जाचे आहे असे मुळीच नाही, पण माझे काम दुसऱ्या कुळातले होते. त्यामुळे मी वैशिष्ट्यांचे तक्ते वाचणे सोडून दिले आणि एकच कसोटी ठेवली. एकाच अभंगाचे तेच नऊ ट्रॅक प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचे आणि मिक्स शेवटपर्यंत न्यायचे. अर्धवट चाचणीतून काहीही कळत नाही. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक सॉफ्टवेअर एकतर फार सुंदर किंवा फार क्लिष्ट वाटते, आणि दोन्ही मते चौथ्या संध्याकाळपर्यंत बदलतात.

सुरुवात ऑडॅसिटीपासून केली, कारण ते आधीपासून लॅपटॉपवर होते. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली सुरू झालेले हे मुक्त सॉफ्टवेअर आवाज कापणे, खरखर कमी करणे, जुन्या कॅसेट डिजिटल करणे अशा कामांसाठी मी आजही वापरतो. पूर्वी त्यात लावलेला परिणाम थेट मूळ ध्वनीवरच कोरला जात असे, २०२२ साली आलेल्या ३.२ आवृत्तीपासून परिणाम चालू गाण्यावर लावून, ऐकून, काढून टाकता येतात, आणि हा मोठा फरक आहे. माझी अडचण दुसरीकडे होती. कोरसच्या तिघी, आई, टाळ आणि तबला यांना मला एकाच सभामंडपात बसवायचे होते. त्यासाठी रिव्हर्ब एकदाच, एका वेगळ्या ट्रॅकवर लावतात आणि बाकीच्या ट्रॅकमधून त्याच्याकडे थोडाथोडा आवाज पाठवतात. आईचा थोडा कमी, कोरसचा थोडा जास्त, डग्ग्याचा जवळपास नाहीच. असे केले की सगळे एका छपराखाली गात असल्याचा भास होतो आणि नऊ रिव्हर्बऐवजी एकाचेच ओझे प्रोसेसरवर पडते. मी वापरलेल्या ऑडॅसिटीत ही सोय नव्हती, आणि माझ्या मते मिक्सिंगसाठी सॉफ्टवेअर घेणाऱ्याने सर्वांत आधी हीच एक गोष्ट तपासावी.

बहिणीच्या मॅकबुकवर दोन संध्याकाळी गॅरेजबँड वापरून पाहिले. ॲपलने २००४ साली आणलेले हे सॉफ्टवेअर मॅकवर फुकट मिळते, समजायला सोपे आहे, आणि पुढे गरज वाढली तर त्यातला प्रकल्प जसाच्या तसा ॲपलच्याच मोठ्या लॉजिक प्रोमध्ये उघडतो. मॅक असलेल्या माणसाने दुसरीकडे जाण्याआधी यातच एक गाणे पुरे करावे. माझा लॅपटॉप विंडोजचा असल्याने तो प्रश्न तिथेच मिटला.

यानंतर लेटन्सीचा, म्हणजे आवाज उशिरा ऐकू येण्याचा, विषय आला आणि त्यात आठवडा गेला. आई हेडफोन लावून गाऊ लागली की दुसऱ्या ओळीपासून मागे रेंगाळायची, आणि लयीला इतकी पक्की असलेली आई अशी का गाते ते मला कळेना. कारण साधे होते. माइकमधून आलेला आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन, सॉफ्टवेअरमधून फिरून हेडफोनमध्ये परत येत होता, आणि बफर, म्हणजे एका वेळी किती ध्वनी साठवून पुढे पाठवायचा तो आकडा, ५१२ सॅम्पलवर (ध्वनीच्या तेवढ्या सूक्ष्म नोंदींवर) ठेवलेला होता. ४८ किलोहर्ट्झवर ५१२ सॅम्पल म्हणजे जवळपास ११ मिलिसेकंद, जाताना एकदा आणि येताना एकदा मिळून २१ मिलिसेकंदांहून अधिक. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे आईला स्वतःचाच आवाज सात मीटरवर उभ्या असलेल्या कुणाचा तरी असल्यासारखा ऐकू येत होता. बफर १२८ वर आणला, रेकॉर्डिंगच्या वेळी सगळे प्लगइन बंद ठेवले आणि इंटरफेसवरचे थेट ऐकण्याचे बटण फिरवले, तेव्हा ती पहिल्याच प्रयत्नात समेवर आली. विंडोजवर हे सगळे सुरळीत व्हायचे तर स्टाइनबर्गने १९९७ साली आणलेल्या आसिओ पद्धतीचा ड्रायव्हर सॉफ्टवेअरला ओळखता आला पाहिजे, आणि बफर बदलण्याची खिडकी दोन क्लिकच्या आत सापडली पाहिजे. बफर रेकॉर्डिंगला लहान आणि मिक्सिंगला मोठा असा रोज बदलावा लागतो.

लेटन्सीइतकाच महत्त्वाचा, आणि आपल्या संगीताला अधिक जवळचा प्रश्न लयीचा आहे. भजनात लय चढत जाते. आमचा तिसरा अभंग भजनी ठेक्यात मिनिटाला ९० मात्रांच्या आसपास सुरू होतो आणि शेवटच्या गजरापर्यंत १३० च्या पुढे जातो. ती चढण मेट्रोनोमने मोजून आलेली नाही, तबलजी आणि आई एकमेकांकडे पाहून ती घेतात. सॉफ्टवेअर मात्र उघडल्याबरोबर मिनिटाला १२० ठोक्यांची, चार-चारांत विभागलेली जाळी समोर मांडते, आणि काही सॉफ्टवेअर तर आत घेतलेल्या ध्वनीचा वेगही आपणहून त्या जाळीशी जुळवून टाकतात. एका चाचणीत तबल्याचा अख्खा ट्रॅक असा ताणला गेला की तिरकिटातली अक्षरे रबरासारखी लांबली. म्हणून प्रकल्पाचा कालाधार ठोक्यांऐवजी सेकंदांवर ठेवता येतो का, जाळीला चिकटण्याची सवय पूर्ण बंद करता येते का, आणि हवे तिथे सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल हाताने आखता येतो का, हे मी प्रत्येक ठिकाणी तपासले. बहुतेकांत येते, पण कुठे एका चौकटीत आणि कुठे चार पडद्यांच्या आड.

आता गंधाराचे सांगतो, कारण माझा निर्णय खऱ्या अर्थाने तिथे झाला. दुसऱ्या अभंगाची चाल भूपाच्या अंगाने जाते. एका सॉफ्टवेअरमध्ये सूर आपोआप दुरुस्त करणारे प्लगइन आधीच बसवलेले होते आणि मी उत्सुकतेने ते आईच्या ट्रॅकवर हलकेच लावून पाहिले. ही विद्या १९९७ साली अँटारेसच्या ऑटो-ट्यूनपासून सुरू झाली आणि बारा समान भागांत विभागलेल्या सप्तकावर ती उभी आहे. त्या सप्तकातला शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (लगतच्या दोन सुरांत १०० सेंटचे अंतर). तानपुऱ्याच्या जोडीने गाणारा गळा मात्र नैसर्गिक गंधारावर, सुमारे ३८६ सेंटवर, स्थिरावतो. फरक फक्त १४ सेंटचा. मी काही न सांगता आईला दोन्ही ऐकवले. तिने हेडफोनचा एक कान बाजूला सरकवला आणि म्हणाली, "अरे, हा माझा गंधार नाही. हा पेटीचा गंधार आहे." मग थोडे थांबून, "आणि वर जाताना मी जी ओढ घेते ती कुठे गेली?" मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, पायऱ्यांची झाली होती. मी ते प्लगइन काढून टाकले आणि पुन्हा लावले नाही.

पण आईच्या त्या वाक्याने एक जुना प्रश्न माझ्या पडद्यावर आणला. पेटीवर हाच आक्षेप पूर्वीपासून आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली, त्यामागेही तिचे समान अंतरांचे, मींड न घेता येणारे सूर हे एक मोठे कारण होते. भजनी मंडळात पेटीशिवाय पान हलत नाही, त्यामुळे ती काढण्याचा प्रश्नच नव्हता. मिक्समध्ये मी इतकेच केले, की आई जिथे गंधारावर न्यास करते, म्हणजे विसावते, तिथे पेटीचा आवाज दोन-तीन डेसिबलने खाली उतरवला आणि तानपुरा केसभर वर आणला. यासाठी ट्रॅकच्या अंगावरच आवाजाची रेघ ओढता यावी लागते, बिंदू धरून खाली-वर करता यावे लागतात, आणि एका अभंगात असे तीस-चाळीस बिंदू येत असल्यामुळे ही कृती हाताला सोपी पडावी लागते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बिंदूसाठी तीन क्लिक लागत होते ते मी याच कारणाने बाजूला ठेवले.

एक कटू अनुभवही लिहिला पाहिजे. मधल्या काळात मी मासिक वर्गणीवर मिळणारे एक नावाजलेले सॉफ्टवेअर घेतले होते. ते देखणे होते, त्याचे रिव्हर्ब मला फार आवडले आणि त्यात पहिला अभंग पुरा झाला. पुढे वर्गणी थांबवली. त्यानंतर आई म्हणाली, की तिसऱ्या चरणातला कोरस थोडा पुढे हवा, आणि मी प्रकल्प उघडायला गेलो तर तो उघडेना. एक फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, एक डेसिबलने सरकवण्यासाठी पुन्हा महिन्याचे पैसे भरा, असा पडदा समोर आला. मूळ ध्वनीच्या फाइली माझ्या डिस्कवर होत्या, पण पंधरा संध्याकाळचे तोलणे त्या कुलपात अडकले. तो मिक्स मी दुसरीकडे शून्यापासून पुन्हा केला. घरचा आवाज वीस वर्षांनी उघडायची इच्छा असेल तर वर्गणी संपल्यावर काय होते हा प्रश्न किंमत विचारण्याच्याही आधी विचारावा.

सॉफ्टवेअर स्वतःही मरते, हे लक्षात ठेवावे लागते. केकवॉकचे सोनार हे विंडोजवरचे जुने, भक्कम सॉफ्टवेअर, पण गिब्सन कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरात त्याचे काम थांबवले. पुढच्या वर्षी सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेतले आणि फुकट देऊ केले म्हणून ते वाचले. मी त्यातही तो अभंग शेवटपर्यंत नेला. त्याची कन्सोलसारखी मांडणी नव्या माणसाला चांगली शिकवते, माझ्या लॅपटॉपवर मात्र ते जड चालले. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आर्डर हे मुक्त आणि गंभीर सॉफ्टवेअर आहे, ते मी फक्त चाळून पाहिले.

शेवटी रीपरवर थांबलो. गाणी ऐकण्याचे विनॲम्प लिहिणारे जस्टिन फ्रँकेल यांच्या कॉकॉस या छोट्या कंपनीचे हे सॉफ्टवेअर ६० दिवस कोणतीही कात्री न लावता वापरायला मिळते, आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला एकदाच घ्यावा लागतो. पहिल्या भेटीत ते मुळीच मोहक वाटत नाही. करड्या रंगाच्या खिडक्या, अगणित मेनू, सोबत तयार वाद्ये जवळपास नाहीतच. पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर नऊ ट्रॅक, एक सामाईक रिव्हर्ब, प्रत्येकाला इक्वलायझर (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमीजास्त करणारा) आणि तिघांना कॉम्प्रेसर (मोठे ठोके दाबून आवाज समपातळीवर आणणारा) लावूनही ते अडखळले नाही. तिथे ट्रॅकचे प्रकार नाहीत. कोणत्याही ट्रॅकच्या पोटात दुसरे ट्रॅक घातले की तो गट होतो, त्यामुळे कोरसच्या तिघी एका फेडरवर आल्या. आणि मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे त्याची प्रकल्पाची फाइल साध्या मजकुराची असते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर कोणता ट्रॅक किती आवाजावर आहे, कोणती फाइल कुठून सुरू होते, हे ओळीओळीने वाचता येते. वर्गणीच्या कुलपाचा अनुभव ताजा असताना हे पाहून मला फार हायसे वाटले.

प्लगइनविषयी थोडेच लिहितो. सोबत आलेले इक्वलायझर, कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब मला पुरले. आईची पट्टी काळी चार, म्हणजे तिचा षड्ज २०८ हर्ट्झच्या जवळ येतो, आणि पेटीचे मधले सप्तक नेमके तिथेच वाजते. शब्द ज्यामुळे स्पष्ट कळतात ती व्यंजने दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, तिथे पेटी तीन डेसिबलने कमी केली आणि थोडी डावीकडे सरकवली, तर आईचा आवाज न वाढवताही शब्द पुढे आले. टाळ मात्र अजूनही त्रास देतो. त्याचा ठोका इतका अणकुचीदार असतो की मीटरवर सगळ्यांच्या वर जातो, आणि कॉम्प्रेसर घट्ट केला तर पितळेची झंकार मरून पत्रा वाजल्यासारखे वाटते. व्हरांड्यात माइक टाळापासून दोन मीटर मागे नेऊन पुन्हा रेकॉर्ड केल्यावर जे साधले ते कोणत्याही प्लगइनने साधले नव्हते.

ऐकण्याच्या सवयीचाही निवडीशी संबंध आहे, कारण मी रात्री, घर झोपल्यावर, अगदी हळू आवाजात मिक्स करत असे. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मांडले आहे. परिणामी मी रात्री डग्गा वाढवायचो आणि सकाळी तो घुमायचा. उलट मोबाइलच्या स्पीकरवर डग्गा नाहीसाच व्हायचा, कारण त्याचा मूळ नाद १०० हर्ट्झच्या परिसरात असतो आणि तेवढा खालचा नाद त्या स्पीकरच्या आवाक्यात नसतो. डग्ग्यावर किंचित सॅच्युरेशन, म्हणजे मुद्दाम दिलेली हलकी खर, देऊन वरचे उपस्वर उठवले तेव्हा 'घे'चा घुमारा मोबाइलवरही जाणवू लागला. अंतिम फाइल काढताना रीपर एकूण पातळीचा आकडा दाखवते. स्पॉटिफाय उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या एकूण आवाजाचे माप) पातळीला गाणी आणते, पण मी भजन उणे १६ वर ठेवले, कारण गजर सुरू होताना आवाज खरोखर वाढल्याचे जाणवले पाहिजे.

पाच अभंग झाले आहेत. प्रत्येकाचे नऊही ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या साध्या वेव्ह फाइली करून दोन डिस्कवर ठेवले आहेत आणि एक प्रत बहिणीकडे दिली आहे. तिने त्या गॅरेजबँडमध्ये ओढल्या आणि सगळे समेवर बसल्याचे फोनवर कळवले. सहावा अभंग राहिला आहे. पावसाळी हवेत डग्ग्याची पुडी सैल पडत होती, म्हणून तबलजींनी ऊन पडेपर्यंत थांबायला सांगितले आहे, आणि आईनेही तोवर शेवटच्या चरणाची चाल थोडी बदलली आहे.